पयल्या मानाचो पिक्चर

माझ्या बायकोच्या मामांना इंग्रजीचं एक अक्षर कळत नाही, आणि एका इंग्रजी नटाविषयी त्यांच्याइतकं कळणारा दुसरा माणूस खारेपाटणपासून आंबोलीपर्यंत नाही. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, हे लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी मला समजलेलं नाही. मी घाटावरचा. मामांच्या भाषेत 'घाटी जावय', आणि घाटी माणसाला कुठलीही गोष्ट कळायला जरा वेळ लागतो, असं त्यांचं ठाम मत आहे. तेव्हा इथे सांगतो ते मला जेवढं समजलं तेवढंच. बाकीचं मामांना विचारा. धामापूरच्या तळ्यापलीकडच्या वाडीत, काजूच्या कोठीच्या पायरीवर बसलेले सापडतील.

तो नट कोण, हे मामा सांगत नाहीत. ते त्याला नुसतं 'भाचो' म्हणतात. हसताना त्याचा डावा डोळा आधी मिटतो, आणि मामांच्या एका भाच्याचा, म्हणजे माझ्या मेव्हण्याचा, तस्साच मिटतो, एवढ्या पुराव्यावर हे नातं जुळलंय. बरं, नुसतं जुळलंय असं नाही, ते निभावलंही जातं. एकदा मी तापानं फणफणून त्यांच्या पडवीत पडलो होतो. मामा आत आले, पेपर माझ्या नाकासमोर धरला आणि काळजीनं म्हणाले, "जावयानू, भाचो हल्ली बारीक दिसता ओ. जेवता-खाता काय नाय कोण जाणे." दुसऱ्या एका वेळी ते दोन दिवस कुणाशी धड बोलेनात. कारण विचारलं तर म्हणाले, "भाच्यान परत लगीन केल्यान. आमका कळवल्यानसुदीक नाय." त्यावर मामी चुलीपासून ओरडल्या, "कळवल्यान असतो तर काय आयेर घेवन जातला होतास?" मला वाटतं, गेले असते.

तर या भाच्याच्या उत्तम चित्रपटांची यादी मामांनी कोठीच्या भिंतीवर गेरूनं लिहून ठेवली आहे. बारा चित्रपट, कारण गावच्या देवळात मानकरी बारा. ही यादी समजून घ्यायला मी अनेक वर्षं घालवली, आणि माझी प्रत्येक समजूत चुकीची निघाली. मला आधी वाटलं, अभिनयावरून क्रम लावला असेल. तर तिसऱ्या मानाला 'कुत्र्याचो'. त्यात भाचा जेमतेम आहे, सगळं काम कुत्र्यानंच केलंय. मग वाटलं, भाच्याच्या कामाच्या लांबीवरून असेल. तर पाचव्या मानाचा 'मराचो', त्यात भाचा पाच मिनिटांसाठी येतो आणि मरतो. "पण मेलो कसो, ता बघा!" मामा म्हणतात. सातव्या मानाचा पिक्चर मामांनी पाहिलेलाच नाही, तो राखून ठेवलाय. आणि नवव्यात तर भाचा नाहीच! मी मोबाईलवर शोधून, दोघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवून दिलं की मामा, हा दुसराच नट आहे. मला वाटलं, आता सापडले. मामा शांतपणे म्हणाले, "म्हायत आसा माका. पावणो म्हणान बसयलो आसा."

"अहो, पण मग क्रम लावता तरी कशावरून?"

"मानावरसून. देवळात पयलो मान ज्याचो, तो काय धावण्याची शर्यत जिंकान घेता? बापाशीचो होतो म्हणान तेचो. पयलो तो पयलो. भाच्यान उद्या कितीय बरो पिक्चर काढल्यान, तरी तेना खालच्या पंगतीक बसाचा."

मी कपाळाला हात लावला. हल्ली त्या भिंतीवर अकराच ओळी आहेत आणि बारावी जागा कोरी आहे. ते कसं झालं, तीच गोष्ट सांगायची आहे.

पहिला मान होता 'विहिरीचो' या पिक्चरला. मामांनी तो तीसेक वर्षांपूर्वी मालवणच्या बाजारात, एका व्हिडिओ सेंटरमध्ये पाहिला. भाचा त्यात गुळगुळीत दाढी केलेला, डोक्यावर टोपी, आणि उजाड माळावर एकटाच विहीर खणतोय. खणतोय, खणतोय. पाण्याचा पत्ता नाही. शेवटी एक भांडंभर पाणी लागतं आणि झरा आटतो. भाचा ते भांडं झाकतो, फडक्यात बांधतो आणि डोंगरापलीकडे चालू लागतो. संपला पिक्चर. मामा स्वतः तीन विहिरी खणलेले, त्यातली एक कोरडी गेलेली, त्यामुळे हा पिक्चर त्यांच्या काळजात जाऊन बसला. "तो खंय गेलो असात ओ?" हे त्यांनी मला किमान चाळीस वेळा विचारलंय. एकदा तर भर पंगतीत, हातात सोलकढीची वाटी धरून. मी म्हटलं, "मामा, पिक्चर आहे तो." तर म्हणाले, "म्हणान काय झाला? माणूस घराकडसून गेलोच ना?"

या पहिल्या मानाला जगात एकच माणूस आडवा आला. तो म्हणजे मामांचा जिवलग दोस्त, मालवणच्या किनाऱ्यावरचा एक म्हातारा तांडेल. उभा जन्म होडीवर गेलेला, आवाज असा की घरात कुजबुजला तरी वाळूवरच्या माणसानं मागं वळून बघावं. मामा आणि तो मिळून भाच्याचे पिक्चर बघायचे, मामांच्या घरच्या टीव्हीवर. पण तांडेलाच्या मते पहिला मान 'होडीचो' या पिक्चरचा, म्हणजे मामांनी न बघताच सातव्या मानाला बसवलेला तोच. तो त्यानं मामांची ओळख होण्याआधीच कुठंतरी पाहिलेला. त्यात भाच्याला छातीपर्यंत दाढी, होडीतून देशोदेशी भटकतोय, उन्हानं ओठ फुटलेत, आणि जवळची पाण्यानं भरलेली किटली मात्र उघडत नाही. "पाणी आसा, तान आसा, आणि मेलो पियणा नाय! कित्याक?" तांडेल मला विचारायचा. मामांनी 'होडीचो' पाहिला नव्हता आणि तांडेलानं 'विहिरीचो' नाही, आणि दोघांनीही दुसऱ्याचा पिक्चर बघायचा नाही, इतकंच काय, त्याची गोष्टही ऐकून घ्यायची नाही, अशी जवळजवळ शपथ घेतलेली. जो पहिला नाहीच, तो बघायचा कशाला!

दहा वर्षांपूर्वी तांडेलानं कोठीच्या भिंतीवरचं 'विहिरीचो' ओल्या फडक्यानं पुसलं आणि कोळशानं 'होडीचो' लिहिलं. मामांनी दुसऱ्याचा मान पुसणाऱ्याला पायरीवरून उतरवलं. झालं, बोलणं बंद. पण हा अबोला माणसांपुरताच होता. तांडेलाकडचे बांगडे एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती न चुकता यायचे, आणि मामांचे नारळ आणि ओले काजू त्याच गाडीनं न चुकता जायचे. कधी गाडी चुकली तर ते पोचवायला मी होतोच. दोघंही मला दुसऱ्याची खबर विचारत नसत. नुसतं "खोकलो गेलो?" एवढंच, तेही भिंतीकडे बघून.

गेल्या वर्षी कंडक्टरनं बांगड्यांबरोबर बातमी आणली. तांडेलाचा मुलगा त्याला मुंबईला न्यायला येतोय. घर बंद होणार, कायमचं. मामांनी त्या दिवशी बांगड्याला हात लावला नाही. मामी घाबरल्या. मी संध्याकाळी पायरीवर त्यांच्याशेजारी जाऊन बसलो, तेव्हा ते म्हणाले, "तो गेलो तर माज्याशी भांडतलो कोण, जावयानू?"

"मग जा ना, मामा. बोला त्यांच्याशी."

"बोलूचा तर पयलो मान सोडूचो लागतलो. आणि मान काय माज्या बापाशीचो? तो सोडूक माका तरी अधिकार आसा काय?"

दुसरा कुणी असता तर चिठ्ठ्या टाकून मोकळा झाला असता. मामा देवाला कौल लावायला निघाले, मागोमाग मामी आणि मी. आमच्याकडे, म्हणजे बायकोच्या माहेरी, विहीर खणायची असो की मुलीचं लग्न, ग्रामदेव रवळनाथाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक, अशा दोन ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवानं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "भाचो खंयच्या गावचो? देवाक गाव सांगाक व्हया."

"अमेरिकेचो."

"म्हणजे मुंबयच्या फुडे?"

"फुडे."

"मगे चाकरमानी म्हणतंय," गुरव म्हणाला आणि त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्यो तुजो लेकरू तुज्या पायाकडे इलो आसा! तेच्या चाकरमानी भाच्याचे जे काय बारा पिक्चर आसत, तेंका यश दी रे म्हाराजा!" आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा!" मीसुद्धा म्हटलं. "आणि पयलो मान विहिरीच्या पिक्चराचो असात, तर उजवी देवन मोकळो कर रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!"

उजवी कळी टपकन पडली. मामा जिंकले. पण त्यांचा चेहरा काही फुलला नाही. ते कळीकडे बघत म्हणाले, "एकदा होडीच्या पिक्चराचाय विचारून बघ. तेच्यार अन्याव नको." गुरवानं पुन्हा कळ्या लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. आणि पुन्हा उजवीच पडली.

गुरव हबकला. "एका मानाक दोन धनी? माज्या बापाशीच्या काळापासून असा झाला नाय." मी म्हटलं, देवाला इंग्रजी पिक्चरांचा अंदाज नसेल. मामी पदर सावरत म्हणाल्या, "देव घोटाळूक नाय. तुमी तिगय घोटाळलास." आम्ही घरी आलो. माझं डोकं पार फिरलं होतं. मामा मात्र पेटीतून धुतलेला सदरा काढत होते. "देवान दोगांकय दिल्यान म्हणान सांगाक तरी व्हया तेका," ते म्हणाले. मी स्कूटर काढतो म्हटलं, पण मामा एस.टी.शिवाय कशावर बसत नाहीत. दुपारच्या गाडीनं आम्ही दोघं मालवणला गेलो. मामांच्या मांडीवर नारळांची पिशवी होती.

तांडेलाच्या घरात बोचकी बांधून ठेवलेली. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. तांडेल एका उरलेल्या खुर्चीवर बसला होता. मामांना बघून तो उठला, खुर्ची त्यांच्याकडे ढकलली आणि स्वतः बोचक्यावर बसला. नऊ वर्षांनी समोरासमोर आलेली दोन माणसं. मामांनी कौलाची हकीगत सांगितली. तांडेल चक्रावला. "दोगांकय? ता कसा? रे, तुज्या त्या विहिरीत आसा तरी काय येवडा? सांग बघू. आज आयकतंय."

मग मामांनी सांगितलं. टोपी, माळ, खणणं, सगळं. बायको वैतागून म्हणते, तू पाणी काढून दाखवल्याशिवाय मी परत येणार नाही, आणि बोटीत बसून निघून जाते, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्यासमोर सांगितलं. इंग्रजीतलं हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. "मगे भांडाभर पाणी लागला. तेना ता बांधल्यान आणि गेलो डोंगरापलीकडे. संपलो."

"भांडा कसला?"

"निळा. चोचीचा. किटलीच ती."

तांडेलाचा विडीचा हात तोंडापर्यंत गेला होता, तो तिथंच थांबला. "संपलो म्हणान तुका कोणी सांगल्यान?"

"सांगूक कित्याक व्हया? दिवे लागले, लोक उठले. आणि माजी पावणेसातची गाडी होती, शेवटची. धावत भायर पडलंय."

"आवशीचो घो!" तांडेल इतक्या मोठ्यानं ओरडला की शेजारीण दारात आली. "मेल्या, ती इंटरवल होती! मी तेवाच आत इलंय! रापणीचा जाळा ओढूक उशीर झालो, आणि दारात एक माणूस छत्री घेवन धावत इलो, माज्या उगड्या पायार पाय देवन गेलो. अंगठ्याचा नख गेला माजा!"

मामा त्याच्या पायाकडे बघत राहिले. मीही बघितलं. अंगठ्याचं नख खरोखरच वाकडं होतं.

कुणी हसलं नाही. मला हसू येत होतं, पण ते दोघं असे बसले होते की हसायची हिंमत होईना. तांडेल हळूच म्हणाला, म्हणजे त्याच्या हिशेबानं हळूच, "म्हणान तो पियणा नाय. बायलेक दाकवूक ठेवल्यान होता ता पाणी. तीस वर्सां माका कळाक नाय." त्यानं डोळे पुसले, उघडपणे, पंच्यानं. मामा खुर्ची ओढत त्याच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"गावली तेका?" मामांनी विचारलं.

"बस. सुरवातीपासून सांगतंय."

आणि तांडेल सांगू लागला. भाच्याला दाढी कशी वाढली, पहिली होडी कुणाची, वादळ कुठल्या दिशेनं आलं. मी घड्याळाकडे बघितलं, साडेसहा वाजून गेले होते. मी मामांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी तो झटकला. थोड्या वेळानं रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला, एकदा, आणि मग पुन्हा एकदा. आमच्या ओळखीचा कंडक्टर, त्यानं मामांना दुपारी उतरताना पाहिलं होतं, म्हणून थांबला असणार. तांडेलही बोलता बोलता थांबला.

"रे, तुजी गाडी."

मामा उठले नाहीत. गाडीचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग बंद झाला.

"गेली," तांडेल म्हणाला.

"जावंदे," मामा म्हणाले, "फुडे सांग."