रडारवरचा पाऊस

त्या दुष्काळात धरणात काही साचलं नाही, पण आमच्या रडारच्या खोलीत किस्से मात्र साचत गेले. कृत्रिम पाऊस पाडायचं काम तसं सोपं होतं. पडद्यावर ढग दिसला की विमान पाठवायचं, ढगात मिठाची पूड फवारायची आणि पावसाची वाट बघायची. यातलं शेवटचं काम आम्हाला चांगलं जमायचं.

*

एकदा दौलताबादवर चांगला जाड ढग आला. उड्डाणाची परवानगी मागितली, ती यायला दुपार उलटली. विमान वर गेलं आणि पायलटनं विचारलं, ढग कुठंय? आमचे साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "होता."

आमचे शिपाई मुनीरभाई चहा देता देता पुटपुटले, "पहले लोगाँ दुआ माँगते थे, फिर मेंढकाँ की शादी लगाते थे. अब परमिशन माँगते!"

*

वाळूजच्या एका कारखानदाराचा फोन आला. शेडचे पत्रे काढलेत, नवे चढेपर्यंत आमच्याकडं विमान पाठवू नका म्हणाला. बरं म्हणालो. फोन ठेवता ठेवता त्यानंच विचारलं, पाण्याच्या टँकरसाठी कुणाला सांगायचं असतं?

*

एका पहाटे शहरात मस्त सर आली. आमचं विमान तेव्हा बिघडून पडलेलं! तरी नव्या कॉलनीतली मंडळी हार घेऊन आली. त्यांच्याकडं अजून नळही पोचला नव्हता. साहेबांनी मुकाट्यानं हार घालून घेतला. नाही म्हटलं तर वाईट दिसतं, म्हणाले. मला हसूही आलं आणि लाजही वाटली.

*

साळुंके आमचा रडारवरचा माणूस. पैठणकडं त्याच्या वडिलांची, आबांची मोसंबीची बाग होती. साळुंके कॉलेजात गेला त्या वर्षी लावलेली. टँकरनं जगवलेली झाडं आता शेंड्याकडून वाळत चालली होती. आबा रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, "आज इमान आमच्याकडं येतंय का?" साळुंके रोज म्हणायचा, उद्या. तेवढा वेळ आम्ही सगळे उगाच कामात असल्यासारखे खाली बघायचो.

एके दिवशी नेमका त्याच गावावर ढग आला, आणि परवानगीही वेळेत! फवारणी झाली. पडद्यावर गावाच्या डोक्यावर लालभडक डाग उमटला, म्हणजे जोराचा पाऊस. साळुंकेनं फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"आबा, पडतोय का?"

मागून मोठी घरघर ऐकू येत होती. पत्र्यावर पाऊस वाजतोय असं समजून आम्ही टाळ्या वाजवल्या.

"व्हय," आबा म्हणाले, "लई पडतोय."

साहेबांनी पेढे मागवले.

रविवारी साळुंके गावी गेला. रडारवर दिसलेला पाऊस खाली पोचण्याआधीच हवेत विरला होता; माती कोरडीठाक होती आणि बांधावर मोसंबीची खोडं रचलेली होती. झाडं कापायचं मशीन फोनच्या दिवशीच आणलं होतं. परतल्यावर त्यानं एवढंच सांगितलं आणि रडारसमोर जाऊन बसला.

पुढच्या आठवड्यात आबा स्वतःच खोलीत आले. साळुंके मान वर करेना. आबांनी मला त्या दिवसाचं चित्र दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. चष्मा पुसून ते बराच वेळ त्या लाल डागाकडं बघत राहिले. मग त्यावर हळूच तळहात ठेवला.

"चांगला पडला की रं," ते साळुंकेला म्हणाले.