खाडीपलीकडे पोचणारं नाव

"अर्थ ठेव बाजूला. हाक मारून बघितलीस काय?"

कुणाकडे बाळ झालं की चाचांचा हा प्रश्न ठरलेला. चाचा म्हणजे आमच्या सौदीतल्या प्लांटचे स्टोअरकीपर, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. अर्थ सांगणारे जाणकार तुम्हीही पाहिले असतील. चाचांचं शास्त्र वेगळं होतं: नाव असं हवं की पलीकडच्या काठावर ऐकू जाईल.

आमची मुलगी झाली तेव्हा घरात रणच माजलं होतं. बायकोला 'इरा' हवं होतं, नाशिकहून आईला 'त्रिपुरसुंदरी'. आई म्हणाली, "एवढंसं नाव? तोंड उघडेपर्यंत संपलं." सासरे निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांनी फोनवर 'इरा'चे अर्थ सांगितले: पृथ्वी, वाणी, पाणी. तिथेच थांबायचं, पण मास्तरांना राहवेना. "आणि मद्यसुद्धा," ते म्हणाले. सौदीत राहून मुलीचं नाव मद्य! माझं धाबंच दणाणलं. नावावाचून जन्मदाखला अडला होता, दाखल्यावाचून पासपोर्ट आणि पासपोर्टवाचून इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना.

शुक्रवारी चाचांनी मला समुद्रावर नेलं. बांधाच्या एका टोकाला मला उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला गेले. 'त्रिपुरसुंदरी' ओरडताना त्यांना मधेच ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी पुन्हा छाती भरली.

"इराऽऽ!"

गळ टाकून बसलेले दोघे सौदी वळून पाहायला लागले. पहारेकरी धावत आला. "मुलगी हरवली?"

"हरवली नाही, सापडली," चाचा म्हणाले. "खलास! हेच नाव."

परतताना मी सहज विचारलं, "तुमच्या मुलींची नावंही अशीच ठरवलीत?"

"तिघींच्या वेळी मी इथंच होतो. नावं फोनवर कळली. हाकासुद्धा फोनवरच मारल्या." मग त्यांनी गाडीचा आरसा उगाच हलवला. मला फार वाईट वाटलं.

गेल्या वर्षी चाचा कायमचे गावी गेले. स्टोअर आता फार शांत वाटतं. परवा इराच्या वाढदिवसाचं सांगायला त्यांना फोन केला. "थांब हां, नातीला जेवायला बोलावतो," म्हणाले आणि फोन कानाला धरूनच ओरडले, "सनाऽऽ!"

माझ्या कानाचे पडदे हलले. पलीकडे मात्र सामसूम. त्यांनी पुन्हा हाक मारली. मग कुठून तरी लांबून एक बारीक "ओ" आली.

"ऐकलंस काय? ओ दिली तिनं!" एवढं म्हणून चाचा फोन तसाच ठेवून तिला आणायला गेले.