भिंगताईंचे पाच तारे

कपबशांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या या बाईला अख्खा कारखाना भिंगताई म्हणतो, आणि तिला ते ठाऊक आहे. समोर आलेला कप उचलायचा, नखाने टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला तर टोपलीत. सोळा वर्षं हेच. जित्याची खोड ती, सुट्टीच्या दिवशी काय सुटणार? घरी बसून ती फोनवर हॉटेलं, दवाखाने, शिंपी, सगळ्यांना स्वतःच्या नावाने तारे द्यायची. द्यायची कसली, हात आखडून टाकायची. दोनशे बारा अभिप्राय, त्यातले निम्मे एका ताऱ्याचे. ‘खुर्ची डुगडुगते.’ ‘डॉक्टर दातांपेक्षा घड्याळ जास्त बघतात.’ ‘शिंप्याच्या दोन बाह्या कधी जुळत नाहीत.’ खोटं मात्र एक अक्षर नाही, हे कबूल करायला हवं.

वय अडतीस. जोड्या जुळवणाऱ्या ॲपवर मागच्या वर्षी एक गृहस्थ जवळजवळ ठरले होते. त्यांनी हिचं नाव शोधलं, सगळं वाचलं आणि कळवलं, ‘तुमच्यासमोर बसून जेवायची भीती वाटते.’ ताईने ते हसण्यावारी नेलं. पण पुढे दोन दिवस तिचा डबा भरलेलाच परत आला, आणि तो वहिनीने उघडला.

म्हणून यंदा ॲपवर लिफ्ट दुरुस्त करणारा एक शांत माणूस भेटला, तेव्हा वहिनीने वेळेवर बजावलं, “ताई, आधी ते सगळं पुसून टाका. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

आता पुसायचं म्हणजे पुसायचं ना? पण नाही. कारखान्यात नोंद फाडत नाहीत, शेरा बदलतात. ताई रविवारी सकाळी बसली, लिहिलेले शब्द काढून टाकले आणि दोनशे बाराच्या दोनशे बारा जागांना पाच-पाच तारे देऊन मोकळी झाली. जेवणाच्या वेळेपर्यंत शहरात वाईट असं काही उरलंच नव्हतं.

भेटीची जागा त्याने ठरवली. दारात पोचताच ताईने पाटी ओळखली. हे तेच डुगडुगत्या खुर्चीचं हॉटेल.

“तुम्ही पाच तारे दिलेत, म्हणून इथेच ठरवलं,” तो म्हणाला आणि खुर्चीसकट डावीकडे कलला.

कॉफी आली. ताईचं नख आपोआप कपावर गेलं. बद्द. तिने हात मांडीवर दाबून धरला. तेवढ्यात त्याने साखरेसाठी हात पुढे केला, आणि तिला बाही दिसली.

“शिंपीही तुमचाच,” तो खुशीत म्हणाला. “आजच्यासाठी मुद्दाम शिवून घेतला शर्ट. खरं सांगू, सगळ्यांनाच पाच तारे बघून वाटलं, बाई भोळी दिसते. आपला निभाव लागेल.”

इथे गप्प बसली असती तर निभलं असतं. पण हा माणूस आपल्या ताऱ्यांवर विसंबून कापड घेऊन शिंप्याकडे गेला, हे तिच्या घशाखाली उतरेना. तिने सगळं सांगून टाकलं. मागच्या वर्षीचे गृहस्थसुद्धा.

तो हसला नाही. चमचा फिरवत राहिला. “आमच्याकडे लिफ्टमध्ये तपासणीचा कागद लावतात,” तो म्हणाला. “खाली सही असते. माणसं त्या सहीवर आत पाय ठेवतात.”

ताईला वाटलं, संपलं. आणि या वेळी दोष त्याचा नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

मग त्याने डावा हात टेबलावर ठेवला. “या बाहीचं आता खरं सांगा.”

“अर्ध्या बोटाने आखूड आहे. तुम्ही हात पुढे केलात तेव्हाच दिसलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही पुन्हा भेटावं असं वाटत होतं,” ती कपाकडे बघत म्हणाली.

त्याने सावकाश दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि हात तिच्यासमोर धरले. “आता सारख्या आहेत?”

दुसरी एखादी लाजून हो म्हणाली असती. ताईने नीट पाहिलं. “उजवीला एक घडी जास्त आहे.”

त्याने घडी उलगडली. “पुढच्या रविवारची जागा तुम्ही ठरवा. पण आधी त्या शिंप्याचं बघा. कुणीतरी आत्ता कापड घेऊन निघालं असेल.”

ताईने तिथेच फोन काढला. शिंपी, एक तारा. मग जरा थांबून खाली लिहिलं, ‘बाह्या सारख्या येत नाहीत. समोर बसून पाहिल्या.’