मावशींनी पाहिलेला शेवट

सभागृहाच्या जाड पडद्याचा धुळकट वास आला की सिल्वासातली ती संध्याकाळ आठवते. कॉलेजात असताना मी दारावर विमलमावशींबरोबर तिकिटं तपासायचे. मूळच्या शिरपूरच्या या मावशींनी दारावरच्या बारा वर्षांत एकाही नाटकाचा शेवट पाहिला नव्हता. शेवटचा प्रवेश सुरू झाला की बाहेरची दारं उघडायला जावं लागे. हा सरळ अन्याय आहे, यावर मी पत्रक काढणार, त्या संध्याकाळी मी ठणकावलं.

"भाषण नको देऊ माय, दार सांभाळ," म्हणत त्या मागच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. दारं मी उघडली.

"कसा होता शेवट?" मी विचारलं.

"ठीक. मी मनात धरलेला याच्यापेक्षा बरा होता."

तेव्हा मी हिरमुसले, पत्रकाचा मुद्दाच गेला म्हणून. आज वाटतं, शेवट आवडो न आवडो, ती खुर्ची त्यांच्या हक्काचीच होती.