आत्याच्या नंबरचा माल

माझी आत्या म्हणजे चालतंबोलतं भांडण. रेग्युलेटरच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर तिने उमेदीची सगळी वर्षं काढली, आणि तिथे ती कुणाच्या बापाला सूट देत नव्हती. सिलिंडरमधला गॅस मुसंडी मारून येतो. रेग्युलेटरच्या पोटात रबराचा पडदा आणि स्प्रिंग असते, ती त्याला वेसण घालते. आत्या प्रत्येक नग नळीला लावायची, पुढची चावी झटकन बंद करायची आणि दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघायची. काटा जरासा वर जाऊन थांबला तर पास. चढतच राहिला की "चल, नीघ मेल्या!" म्हणून भंगाराच्या डब्यात. पास नगावर ती आपल्या नंबरचा ठसा हातोडीने ठोकायची. प्रत्येक तपासणाऱ्या बाईचा नंबर वेगळा.

मी तिच्याच मागे पॅकिंगला होते. खोक्यात नग आडवातिडवा पडला की सगळ्यांदेखत माझा उद्धार. घरी आलो की भाजी चिरता चिरता उरलेला.

एका दुपारी तिला थंडी वाजून ताप भरला. मी तिला रिक्षात घालून घरी नेलं. ठसा टेबलावरच राहिला. आमच्या सुपरवायझरला आम्ही घाईसाहेब म्हणायचो. गाडी दारात उभी असली की या माणसाला दुसरं काही दिसत नसे. त्याने आत्याचा ठसा उचलला, न तपासलेल्या मालावर ठोकला आणि गाडी रवाना केली. दुसऱ्या दिवशी बायकांनी मला कुजबुजत सांगितलं. मी आत्याला सांगितलं. आत्या अंगात ताप घेऊन मालकांकडे गेली. मालक म्हणाले, "बघू."

बघू! त्या मालातलं रबर कडक निघालं. एका घरात शेगडीचा जाळ भसकन उठला आणि बाईचा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हा कुठे मालकांच्या केबिनमध्ये सरकारी गॅस तपासणीचे अधिकारी येऊन बसले. नगावर तिचा नंबर, म्हणून आत्याला बोलावलं. मीही घुसले, मला कोण अडवतंय!

आत्याने झालं ते सांगितलं आणि तिथेच उभ्या घाईसाहेबाकडे बोट केलं. "मी? मी त्या ठशाला हातसुद्धा लावला नाही," घाईसाहेब म्हणाला. धडधडीत! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बायकांनी पाहिलं होतं, पण नोकरीच्या भीतीने सगळ्या मूग गिळून बसल्या होत्या.

अधिकारी म्हणाले, "मग चौकशी होईल."

"किती दिवस?" आत्याने विचारलं.

"महिने म्हणा, बाई."

"आणि तोवर तो माल?"

"दोष कुणाचा हे ठरल्याशिवाय मला माल परत बोलावण्याचा हुकूम काढता येत नाही. कुणी कबूल केलं तर आज काढतो."

आत्याने घाईसाहेबाकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होता.

"मग लिहा," ती म्हणाली. "तपासणी मी केली. चुकले. हुकूम काढा."

"अगं, वेड लागलंय का तुला?" मी किंचाळले. "तू तापाने फणफणत घरी पडली होतीस!"

"तू तोंड बंद कर."

"बघा, मी म्हणत नव्हतो?" घाईसाहेब चक्क हसला. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी टेबलावरचा पेपरवेट उचलला होता, आत्याने माझं मनगट धरलं म्हणून तो वाचला.

नोकरी त्याच संध्याकाळी गेली. रस्ताभर मी तिला शिव्या घालत होते, मालकांना घालत होते, आणि मला रडूही येत होतं. ती पुढे चालत राहिली.

माल परत येऊ लागला. आत्याच्या नंबरचा सगळाच, तिने डोळ्यांत तेल घालून तपासलेलासुद्धा. ज्याच्या घरचा रेग्युलेटर गेला, तो तिच्या नावाने खडे फोडू लागला. कोपऱ्यावरची शिंपीणबाई तर थेट दारात आली.

"कामाचा पगार घेत होता ना? मग डोळे कुठे होते? कालपासून चूल थंड आहे माझी, पोरं बिस्किटांवर आहेत. लाज कशी वाटत नाही!"

मी पदर खोचून उठले. आज हिची खैर नव्हती. आत्याने मला मागे ढकललं आणि स्वतः उंबऱ्यात उभी राहिली.

"तुमचा नेला," ती म्हणाली. "वरच्या मजल्यावर तुमची जाऊ राहते, तिच्याकडचा नेला का?"