ज्याचं मन जाग्यावर नाही, त्याला माप नाही

हे कुणाच्या हातात पडलं तर आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. पण जे तोंडाने बोलता येत नाही, ते कागदावर थोडं येतं.

कुंभारवाड्याच्या वाटेवर पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सहाजणी कोकमाचं सरबत आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, करतो. सरबताच्या पिंपात साखर, आगळाच्या पिंपात मीठ, एवढंच काम. नवीन असताना मी एकदा विचारलं, "ह्यात साखर घालायची काय?" एकजण म्हणाली, "न्हाई, मिरची घाल!" सगळ्या हसल्या. तेव्हापासून मी काही विचारलंच नाही.

पुढच्या वर्षी एका सकाळी मी मुलीशी भांडून कामावर आले. तिला जोयड्याला शिकायला जायचं होतं, मी नको म्हटलं, ती उपाशी निघून गेली. डोक्यात तेच. त्यात आमचं सगळं काम बघणारी अक्का आल्यापासून वसवसत होती. पिंपांवरच्या खडूच्या खुणा पुसल्या होत्या. कुठलं पिंप कशाचं, हे विचारायचा धीर झाला नाही. साखर घातलेल्या पिंपात मी मीठ ओतलं.

दोन दिवसांनी अक्काने चव घेतली. "मीठ कुणी घातलं?"

त्या दिवशी मीठ मोजून देत होती ती 'मिरची घाल' म्हणणारी, मिरचीवाली. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. "मी न्हाई हो अक्का, देवाशप्पत!" ती रडकुंडीला आली. मी खाली बघत राहिले. बोलले तर काम जाणार, न बोलले तर तिचं जाणार.

अक्काने पिंपावर झाकण ठेवलं. मग हळू म्हणाली, "त्या दिवशी माझं मन जाग्यावर न्हवतं. सासूला दवाखान्यात ठेवून आले, आणि राग तुमच्यावर काढला. आणि कुणाचं न्हवतं?"

मी हात वर केला. "माझं. मीठ मीच घातलं."

"विचारलं का न्हाईस?"

"भ्याले."

मिरचीवालीने पदराने नाक पुसलं. "माझ्यामुळं गं. आता शंभरदा विचार. मिरची मी खाते."

साखरेचे पैसे माझ्या मजुरीतून कापा, असं मीच म्हटलं. अक्का नको म्हणत होती. पण साखर सहाजणींच्या पैशातून आली होती. शेवटी ती दर आठवड्याला थोडे कापू लागली.

दुसऱ्या दिवसापासून कामाआधी प्रत्येकीने मन कसं आहे ते सांगायचं ठरलं. कारण सांगायची सक्ती नाही. जिचं जाग्यावर नाही, तिने बाटल्या धुवायच्या, झाकणं लावायची. मापाला हात लावायचा नाही. आठ दिवस थट्टाच चालली. "माझं मन आज नवऱ्याच्या खिशात हाय," असं एकजण रोज म्हणायची. मग सवय झाली. मी घरीही मुलीला सांगितलं, तुझ्या शिक्षणाचा राग नव्हता गं, तू लांब जाशील याची भीती होती. ती जवळ येऊन बसली.

एकदा अक्का म्हणाली, "बरं हाय," आणि तीच साखर तिसऱ्यांदा मोजू लागली. मी जवळ गेले. "अक्का, माप मला द्या." जन्मात मी कुणाला असं सांगितलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, माप दिलं आणि झाकणं लावत बसली.

त्याच आठवड्याच्या मजुरीतून तिने शेवटचे पैसे कापले आणि वही माझ्यापुढे धरली. माझ्या नावापुढे बाकी काही उरलं नव्हतं. साखरेचा पैसा न् पैसा फिटला.