वरचे दोन दात

“दोन्ही काढून टाका,” आजी म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता.”

मी बाळाच्या तोंडात पाहिलं. वरच्या हिरडीतून समोरचे दोन दात नुकतेच बाहेर आले होते. तांदळाच्या दाण्याएवढे. कीड नाही, सूज नाही. बाळ आठ-नऊ महिन्यांचं, नाव शिवा. ते मजेत माझं बोट चावत होतं.

मी बीडीएसची इंटर्न आहे. म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची परीक्षा झाली, आता वर्षभर सिनियरच्या हाताखाली काम. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तेव्हा माझी पोस्टिंग आष्टी तालुक्यातल्या एका ग्रामीण केंद्रात होती. बरोबर ऋता. तिचे आईवडील दोघंही दातांचे डॉक्टर. आमच्या सिनियर मॅडमनी सकाळीच सांगितलं होतं, की जी एखादी वेगळी केस नीट हाताळेल तिनेच ती कॉलेजात सगळ्यांसमोर मांडायची. मला ती केस हवी होती. त्याहूनही, ती ऋताला मिळायला नको होती.

“पण का काढायचे, आजी?”

“का म्हंजे? वरचे पैले आले की मामाला भारी. तुमाला कावून म्हाईत न्हाई? हिकडच्याच ना तुमी?”

माहीत होतं. माझेसुद्धा वरचेच आधी आले होते. मामाने चांदीची वाटी आणली, तेव्हा कुठे त्याला माझं तोंड दाखवलं म्हणे. अजूनही मामाला साधी सर्दी झाली तरी आई माझ्याकडे बघते.

ऋताने पिशवीतून कापडाची मगर काढली. हातात घालून तिचं तोंड उघडलं की आत पांढरे दात दिसतात. ही मगर तिची स्वतःची, घरून आणलेली. शिवाने माझं बोट सोडलं आणि तिकडे झेप घेतली. सगळीच मुलं तसं करतात.

“आजी, दात येण्याचा एक क्रम असतो,” ऋता मगरीवर दाखवत म्हणाली. “आधी खालचे समोरचे दोन. मग वरचे दोन. मग त्यांच्या शेजारचे. मग पहिली दाढ, मग सुळे, शेवटी मागची दाढ. पण काही बाळांत हा क्रम मागेपुढे होतो. त्यात काही वावगं नाही.”

सुळे दाढेनंतर येतात याचं पुष्कळांना नवल वाटतं. मधली जागा रिकामी ठेवून पहिली दाढ आधी येते. हे सगळं मलाही येत होतं. फरक इतकाच की ऋताने सांगितलं की ते खरं वाटतं, आणि मी सांगितलं की पाठ केलेलं वाटतं.

पण आजी मगरीला भुलल्या नाहीत. “असंल बाई पुस्तकात. माझा संतोष गाडीवरनं पडला. दात दिसले त्याच दिवशी. पाय मोडला. आता बोला.”

शिवाची आई ज्योती सासरहून परस्पर आली होती, खाली मान घालून बसली होती. आजींची मुलगी, संतोषची मोठी बहीण. “दात काढल्याबिगर आई माहेरी येऊ देईना,” ती म्हणाली. “भावाचा पाय मोडला, अन् मी त्याला बघितलंसुद्धा न्हाई.”

“तुमी बघून काय पाय जुळणार हाय का?” कोपऱ्यातून उत्तर आलं. ती संतोषची बायको. “नवरा माझा पडलाय.”

मी पुढे झाले. खालच्या हिरडीवर बोट दाबून पाहिलं. कडक धार लागली. “आजी, खालचेपण येतायत.”

“येतील. पर मागून.”

“आणि हे काढले तर तिथं नवे यायला सहा-सात वर्षं लागतील.”

“तवर लेकरू बिनदाताचं राहील, आई,” ज्योती म्हणाली.

“मामा तर राहील,” आजी म्हणाल्या.

ऋताने मगर बाजूला ठेवली. “मामा आहेत कुठे?”

“बाहीर रिक्षात. पाय दाखवायला आणलाय. त्याला आत न्हाई आणायचं.”

आजींचं वाक्य संपेपर्यंत ऋता दारातून बाहेर गेली होती. इतका सरळ प्रश्न मला का सुचला नाही? आमच्यात अशा बाळापासून मामाला लांब ठेवतात. म्हणून मीही त्याला मनातल्या मनात बाहेरच बसवून ठेवलं होतं.

संतोष कुबड्यांवर आत आला. आजींनी झटकन शिवाच्या तोंडावर पदर टाकला.

“कसे पडलात?” ऋताने विचारलं.

“काय न्हाई. वळणावर वाळू होती.” मग तो थोडा घुटमळला. “अन् कानाला फोन होता.”

“कुणाचा?” बायकोने विचारलं.

“ताईचा. शिवाला दात आले म्हणून सांगत होती. वरचे का खालचे, म्हणून इचारतच होतो, तेवढ्यात आडवा.”

“मी फोन केला की कट करता. म्हणता, गाडीवर हाय. अन् ताईचा चालत्या गाडीवर घेता?”

मग आजी एकदम उठल्या. “बघा! दातानंच पाडलं न्हवं!”

ऋताने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिला माझी मदत लागत होती. खरं सांगते, मला बरं वाटलं.

“आजी,” मी म्हणाले, “मग मामाला भारी पडायचं होतं ते पडून गेलं की. आता दात काढून काय मिळणार?”

हे कुठल्या पुस्तकात नाही. मी स्वतः ते मानते का, हेही मला सांगता येणार नाही. पण आजी विचारात पडल्या. “पुन्ना तर येणार न्हाई ना त्याच्यावर?”

“गाडीवर फोन घेतला तर येईल.”

संतोष हसला. त्याने स्वतःच पदर बाजूला केला आणि वाकून बोट पुढे केलं. शिवाने ते वरच्या दोन दातांनी कचकन चावलं. ज्योती रडता रडता हसली. बायकोने नवऱ्याच्या खिशातला फोन काढला आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

जाताना आजींनी ऋताच्या डोक्यावरून हात फिरवला. “लई हुशार लेक. नारायणगडाला तुझ्या नावाचा नारळ फोडते.” मग माझ्याकडे वळल्या. “बाई, प्यायचं पाणी कुठं हाय?”

मी दाखवलं.

दुपारी मॅडमनी विचारलं, “केस कुणाची?”

“सुरुवात मी केली मॅडम, शेवट हिने,” ऋता म्हणाली.

“ट्रीटमेंट काय दिली?”

“काही नाही,” मी म्हणाले.

“मग मांडायचं काय?”

केस कुणालाच मिळाली नाही. ज्योती त्याच रिक्षात बसून माहेरी गेली. पुढे ती शिवाला दाखवायला घेऊन आली, तेव्हा त्याचे खालचे दोन्ही दात आले होते. शिवाने मला ओळखलं नाही. मगर ओळखली. तशी मगर मी नंतर बाजारात शोधली. मिळाली नाही.

बाळाचे वरचे दात आधी आले तर काढायला आणू नका. आणि गाडीवर असताना फोन घेऊ नका. बहिणीचाही नाही.